नोहाच्या तळपायातला काटा

काष्टीकडून हरेगावला मतमाऊलीच्या ख्रिस्ती यात्रेला निघालेली पदयात्रा दरसाल घोडेगावात एक दिवस थांबायची. नगर मागं टाकून इमामपूरचा घाट उतरेपर्यंत माणसांच्या पायांची दशा झालेली असायची. मग गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात सतरंज्या पडायच्या, बायका नळावर धुणी काढायच्या, पुरुषमंडळी जनावरांच्या बाजारात जाऊन घ्यायच्या नसलेल्या म्हशींचे दात बघून यायची. आणि एलिझाबेथ गरम पाण्याचं घमेलं, कापूस, औषधाची बाटली आणि चिमटा घेऊन ओसरीवर बसायची.

एलिझाबेथ काष्टीतल्या एका दवाखान्यात आया होती. बघून बघून ड्रेसिंग शिकलेली. पदयात्रेत सगळ्यांचे पाय तिच्याच हाताखालून जायचे. फोड कुणाचा फोडायचा आणि कुणाचा नुसता झाकायचा, हे ती बोटानं दाबून ठरवायची. बायका तिला म्हणायच्या, "एलिझाबाय, तुमचा हात लागला की उद्याची चाल सोपी व्हती." ती हसायची नाही, पण पाय मात्र हळू धरायची.

त्या दिवशी दुपारी तिच्यासमोर येऊन बसला तो नोहा. तिचा थोरला दीर.

नोहा पदयात्रेचा पुढारी. साठी ओलांडलेला, धिप्पाड, खणखणीत आवाजाचा. लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं तोच चालायचा, जपमाळ तोच सांगायचा, कुठं चहा घ्यायचा आणि कुठं सावलीला टेकायचं हेही तोच ठरवायचा. साखरेच्या आजारानं अंग थोडं उतरलं होतं, पण क्रूस त्यानं कुणाच्या हाती दिला नव्हता. त्याच्या पायांचं काय ते त्याची बायको ग्रेस बघायची. एलिझाबेथच्या पुढं तो आजवर कधी बसला नव्हता.

"तुझी आक्का म्हनली, मोजा चिकटतोय. तूच बघ म्हनली," नोहा म्हणाला आणि उजवा पाय त्यानं सरळ तिच्या मांडीजवळ ठेवला.

एका वाड्यात समोरासमोर दोघांची दारं. इतक्या वर्षांत तिनं त्याला जेवढ्यास तेवढं उत्तर दिलं होतं, नजर दिली नव्हती. आता त्याचा पाय तिच्या हातात होता. जड, थंड पाय. तिनं मोजा भिजवून सोडवला, पाय धुतला, आणि तळवा वर केला.

चवड्याच्या घट्ट्याखाली एक काळं टोक दिसत होतं. बाभळीचा काटा. बाहेरचं टोक मोडून आतच राहिलेला. भोवतीची कातडी लाल होऊन ताठरली होती.

"दुखत न्हाई व्हय भावजी?" तिनं विचारलं.

"तळपाय मेलेत माझे. निखाऱ्यावर चाललो तरी कळायचं न्हाई," नोहा हसत म्हणाला आणि शेजारच्या माणसाशी म्हशीच्या गोष्टी करायला लागला.

एलिझाबेथनं चिमटा उचलला. टोक चिमट्यात धरलं की झालं, दोन श्वासांचं काम. तिची बोटं काट्याजवळ गेली, आणि तिथंच थांबली.

तिला दानीएल दिसला.

दानीएल, तिचा नवरा. उसाला पाणी धरताना त्याला सापानं धरलं, भर दुपारी. तो चालत घरापर्यंत आला आणि दाराशी बसला. एलिझाबेथ तशीच पळत समोर गेली. नोहाच्या दारात जीप उभी होती. त्या आख्ख्या वस्तीवर तेव्हा ती एकच गाडी. तिनं हात जोडले. "भावजी, ह्यांना पान लागलंय, गाडी काढा." नोहा नवा सदरा घालून ओट्यावर बसला होता. पंधरवड्यामागं पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत बाचाबाची झाली होती आणि दानीएलनं मजुरांच्या देखत थोरल्या भावाच्या थोबाडीत मारली होती. नोहानं तिच्याकडं बघितलं आणि सांगितलं, "गाडीत डिझेल न्हाई."

शेवटी शेजारच्या मळ्यातला छगन मोटरसायकल घेऊन आला. पुढं छगन, मधे दानीएल, मागं त्याला मिठी मारून एलिझाबेथ. दानीएलची मान तिच्या खांद्यावर लोळत होती. काष्टीच्या अलीकडं मागून हॉर्न वाजला. कुणीतरी साईड मागत होतं. छगननं गाडी कडेला घेतली आणि शेजारून नोहाची जीप निघून गेली. पुढच्या सीटवर ग्रेस, जरीच्या लुगड्यात. त्यांना एका साखरपुड्याला जायचं होतं. छगननं जीव तोडून हाका मारल्या. जीप थांबली नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर दानीएल गेला.

मातीला नोहा सगळ्यांत मोठ्यानं रडला. प्रार्थनाही त्यानंच म्हटली. एलिझाबेथनं चार माणसांत जीपचं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, डिझेल मागनं आणलं. बायका म्हणाल्या, दुःखात बाई काय पण बोलती. छगननं सांगून बघितलं, पण बांधावरून त्याचंही नोहाशी वाकडं होतं, म्हणून त्याची साक्ष कुणी धरली नाही. त्यानंतर दर सकाळी दार उघडलं की एलिझाबेथला समोर तो ओटा दिसायचा, ओट्यावर नोहा दिसायचा, आणि त्याच्या खणखणीत आवाजातली जपमाळ ऐकू यायची.

तिनं चिमटा घमेल्याच्या काठावर ठेवून दिला.

काट्यावर तिनं कापसाची जाड घडी ठेवली. त्यावर पट्टी घेतली, एक वेढा, दुसरा वेढा, चांगली ताणून. एक काटा तर हाय, ती मनात म्हणाली. काट्यानं कोन मरतंय.

"झालं भावजी. उठा."

नोहानं पाय टेकवून बघितला. "झकास," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पदयात्रा निघाली. एक दिवसाच्या आरामानं माणसं ताजी झाली होती. धुतलेले कपडे अंगावर, नव्या पट्ट्या पायांत, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगाला पावसानं फुगलेला ऊस. जस्टिनचा टेम्पो मतमाऊलीची मूर्ती घेऊन हळूहळू चालला होता. त्याच्याही पुढं क्रूस खांद्यावर घेऊन नोहा.

निघण्याआधी तो मुद्दाम मागं वळून सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काल एलिझाबेथनं माझ्या पायाची सेवा केली. पाय कसा पिसासारखा झालाय. मतमाऊली तिचं भलं करो."

लोकांनी "आमेन" म्हटलं. एलिझाबेथची कानशिलं तापली. इतक्या वर्षांत त्यानं तिच्यासाठी मागितलेलं हे पहिलं भलं.

रोज ती बायकांच्या घोळक्यात मागं चालायची. आज ती पुढं सरकत सरकत टेम्पोच्या बाजूला आली. तिथून नोहाची पाठ आणि पाय नीट दिसत होते. उजवा पाय पडला की तिचं मन म्हणायचं, घे. पुन्हा पडला की पुन्हा, घे. हे माझ्या जोडलेल्या हातांचं. हे त्या हॉर्नचं. जपमाळेचा घोष चालला होता, तिचे ओठ हलत होते, पण पोटातून वेगळीच माळ ओढली जात होती. सकाळपासून तिला दुसरं काही नको होतं. तो लंगडायला हवा होता. एखाद्या धोंड्यावर पाय पडून त्याचा खणखणीत आवाज मधेच तुटायला हवा होता. तोंड वाकडं करून तो खाली बसावा आणि ती आपल्या चालीनं त्याच्या शेजारून पुढं निघून जावी.

नोहा लंगडला नाही.

डांबरीवर, खडीवर, पुलाच्या उतारावर तो एकसारखा चालत राहिला. आवाज उलट चढतच होता. मागं पडलेल्यांना तो ओरडून सांगत होता, "चला रं, काल दिवसभर लोळलाय!" एका वस्तीवरच्या पोरांना त्यानं थांबून प्रसादाचे चणेसुद्धा वाटले. दुखत होतं तिलाच. काटा त्याच्या पायात आणि ठणका हिच्या टाळूत, असला प्रकार झाला होता.

चहाला थांबले तेव्हा ग्रेस ओरडली, "अवं, तुमच्या चपलेत रगत हाय!"

पट्टी खालून काळपट लाल झाली होती. नोहानं पाय उचलून बघितला, जणू दुसऱ्या कुणाचा बघावा. "फोड फुटला असंल. मला काय बी समजत न्हाई," तो म्हणाला आणि बशीतला चहा ओढला. "दुपारच्याला एलिझाबेथ बघंल."

तेव्हा एलिझाबेथला उमगलं, की ह्या माणसाला ह्या जन्मात ते कळणार नाही. पाय सडेल, कदाचित कापतील, आणि हा खाटेवर बसून देवाची मर्जी म्हणेल. गाव त्याला बघायला येईल, फळं आणेल. आपण समोरच्या दारातून ते बघायचं. मग हा सूड कुणाचा कुणावर? तिनं चहाचा कप तसाच ठेवला.

नेवासा फाट्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेल्या एका लिंबाच्या दाट सावलीत दुपारची पंगत बसली. भाकरी, पिठलं, ठेचा. जेवणं उरकली तशी एलिझाबेथ घमेलं घेऊन नोहाच्या समोर जाऊन बसली. माणसं आजूबाजूला पाय पसरून पडली होती. साळूबाई म्हणून एक म्हातारी शेजारीच पान लावत होती. ग्रेस नवऱ्याच्या पाठीशी पदरानं वारा घालत बसली होती.

एलिझाबेथनं पट्टी सोडली. कापूस ओढला तसा वास आला. चवडा सुजून टमटमीत झाला होता, काटा आणखी आत गेला होता आणि भोवतीचं मांस निळसर पडलं होतं. ग्रेसनं तोंडाला पदर लावला.

"काटा हाय," एलिझाबेथ म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. "बाभळीचा."

"मग काढ की," नोहा म्हणाला.

"काल बी हुता. मला दिसला हुता. मी तो तसाच ठिवला आन वरनं पट्टी बांधली."

साळूबाईचा चुना लावणारा हात थांबला. पलीकडं घोरणाऱ्या माणसाला कुणीतरी हलवून उठवलं. नोहा तिच्याकडं बघत राहिला. त्याला शब्द कळले होते, अर्थ पोचायचा होता.

"काय म्हनलीस?"

"तसाच बांधला, म्हनले. आन सकाळपास्नं तुमाला त्याच्यावर चालताना बघितलं. आता सांगा भावजी. त्या दिवशी जीपमदी डिझेल हुतं का न्हाई?"

"येडी झाली का तू? हितं मतमाऊलीच्या यात्रेत..."

"हुतं का न्हाई?"

"अगं, काढ आदी तो!" ग्रेस रडकुंडीला आली. "एलिझा, तुझ्या पाया पडते, काढ."

"तुमी बी त्याच गाडीत हुता आक्का. मी तुमच्याबी पाया पडले असते. छगनच्या हाका ऐकून तुमी काच वर केली."

तोंडाला लावलेला ग्रेसचा पदर तिच्या मांडीवर पडला.

नोहाचं तोंड लालबुंद झालं. त्यानं पाय ओढून घ्यायला बघितलं, पण एलिझाबेथनं घोटा दोन्ही हातांनी धरला होता. दवाखान्यात धडधाकट माणसं इंजेक्शनला धरून ठेवायची तिला सवय होती. सगळी पदयात्रा भोवती जमली. टेम्पोतून जस्टिन उतरून आला. इतक्या डोळ्यांपुढं आजवर नोहा फक्त प्रार्थना सांगायला उभा राहिला होता.

"हुतं!" तो एकदम ओरडला. "हुतं डिझेल. टाकी भरलेली हुती. मग? भर रानात मजुरांपुढं थोबाडात मारली त्यानं माझ्या. थोरल्या भावाच्या! मला वाटलं, घटकाभर कळ सोसू दे त्याला. येऊ दे माझ्या दारात हात जोडून. तो मरंल असं कुनाला ठावं हुतं?"

"मी आले हुते की. हात जोडूनच आले हुते."

"तू न्हाई. त्यानं यायला पायजे हुतं."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत गेला, त्याचा आवाज दूर जाईपर्यंत सगळे तसेच उभे होते. नोहालाही आपण काय बोललो ते त्या शांततेत ऐकू आलं असावं. त्यानं मान खाली घातली.

एलिझाबेथला वाटलं होतं, हे शब्द कानावर पडले की छातीवरचा धोंडा उतरेल. थोडा हललाही तो. पण त्याच वेळी 'घटकाभर कळ' हे दोन शब्द तिच्या कानात अडकून बसले. काल पट्टी बांधताना ती मनात 'काट्यानं कोन मरतंय' म्हणाली होती, ते ह्यापासून फार लांब नव्हतं. तिला तो विचार नको होता. तिनं चिमटा उचलला, काट्याचं टोक धरलं आणि ओढलं.

काटा लांबलचक निघाला. मागोमाग पू आला, काळं रक्त आलं. तिनं दाबून दाबून सगळं काढलं, औषध ओतलं. ज्या औषधानं गडी माणसं किंचाळतात, ते ती बाटलीभर ओतत होती. नोहा आपल्या पायाकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही.

"दवाखान्यात न्या ह्यांना. आत्ताच," ती जस्टिनला म्हणाली. "साखर हाय. उशीर करू नका."

मूर्ती उतरवून लिंबाखाली ठेवली. चौघांनी नोहाला उचलून टेम्पोत घातलं. ग्रेस शेजारी चढून बसली. टेम्पो नेवाशाच्या दिशेनं गेला, तो परत येईपर्यंत माणसं सावलीत बसून राहिली. एलिझाबेथ घमेलं धुवायला जवळच्या नळावर गेली तेव्हा तिथल्या बायका बाजूला झाल्या.

साळूबाई तेवढी जवळ आली. "त्यानं केलं ते केलं. त्याचा न्याय देव करंल," ती म्हणाली. "पर बाई, सेवेला बसलेल्या हातानं तू असं करायला नको हुतं."

"देवाला लई वर्सं सांगत हुते मी," एलिझाबेथ म्हणाली.

साळूबाईनं मान हलवली आणि निघून गेली.

क्रूस दुसऱ्या एकानं घेतला. जपमाळ पुन्हा सुरू झाली, पण सांगणाऱ्याचा आवाज बसका होता. एलिझाबेथ सगळ्यांच्या मागं, एकटी चालली. कुणी तिला हाकललं नाही, कुणी शिवी दिली नाही. संध्याकाळी मुक्कामाला ती नेहमीसारखी कापूस आणि बाटली घेऊन बसली. समोर पाय घेऊन कुणीच आलं नाही. कोपऱ्यात बायका सेफ्टी पिनेनं आपापले फोड फोडत होत्या, 'स्स' करत होत्या. त्यांतली एक चुकीच्या जागी फोडतेय, हे तिला दिसत होतं. तिनं सामान पिशवीत भरलं. टाकळीभानलाही तसंच. प्रवरेचा पूल मागं पडला होता. आता फक्त सपाट रस्ता आणि ऊस.

पण एक गोष्ट खरी. चालताना पुढून बोलण्याचे तुकडे तिच्यापर्यंत येत होते. "भरलेली टाकी, म्हनला की गं त्यो." "सख्खा भाऊ." "आपुन एलिझालाच येडी ठरवली." ते तुकडे ती भुकेल्यासारखी वेचत होती. तिला कुणाची दया नको होती. दानीएल कसा गेला, हे माणसांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, आणि ते ती ऐकत होती.

मोठ्या यात्रेच्या दिवशी हरेगावात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मेणबत्त्या, फुलं, नारळ, नवसाचे पाळणे, कडेवरची लेकरं. एलिझाबेथ रांगेत उभी होती तेव्हा गर्दीतून वाट काढत ग्रेस आली. लुगडं चुरगळलेलं, डोळे खोल गेलेले. नेवाशातून नोहाला नगरला हलवलं होतं, तिथल्या दवाखान्यातून ती थेट एसटीनं आली होती. ती एलिझाबेथच्या पुढ्यात येऊन थांबली.

"दोन बोटं काढली," ती म्हणाली. "पाय ऱ्हाईल म्हनले डाक्टर. ऱ्हाईल, असं म्हनले."

एलिझाबेथनं नुसती मान हलवली.

"तू बघितलं आन बांधलं."

"व्हय."

"पट्टी बांधताना काय वाटलं न्हाई तुला?"

"तुमाला काच वर करताना काय वाटलं हुतं आक्का?"

मागून रेटा आला तशी ग्रेस एलिझाबेथवर आदळली आणि क्षणभर दोघी एकमेकींना धरून सावरल्या. मग ग्रेसनं हात सोडवून घेतला.

"रोज वाटतं," ती हळू म्हणाली. "पर म्हनून मी तुला माफ करंन असं समजू नको."

"नका करू. मी बी करनार न्हाई."

"मग झालं तर."

ग्रेस तशीच उभी राहिली. दुसरी रांग पार फाटकापर्यंत गेली होती, तिकडं जायची तिच्यात ताकद नव्हती. एलिझाबेथ अर्धं पाऊल मागं सरली. ग्रेस तिच्या पुढं रांगेत लागली. एकीच्या पाठीला दुसरीचा श्वास लागत, दोघी मतमाऊलीपर्यंत गेल्या.

ग्रेसनं मेणबत्ती लावली, गुडघे टेकले, रडली आणि बाजूला झाली. एलिझाबेथ पुढं आली. दरसाल इथं येऊन तिनं एकच मागणं मागितलं होतं: त्याला शिक्षा कर. आज ते मागायचं उरलं नव्हतं. दुसरं काही मागायची जिभेला सवय नव्हती. पश्चात्तापाचं म्हणावं तर तेही आतून येईना, आणि खोटं बोलायला ती इतकं चालून आली नव्हती. मागचे लोक ढकलत होते, स्वयंसेवक "चला, चला" म्हणत होता.

"दानीएलला सांग," ती पुटपुटली, "त्यो समद्यांपुढं खरं बोलला."

एवढं म्हणून ती बाहेर आली आणि पिशवी काखेत मारून परतीच्या एसटीसाठी फाट्याकडं चालायला लागली.